पाठीशी देव, पुढे पाऊल

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणत. त्यात आपल्याला कौतुक दिसते. पण मुळात त्यात भीती आहे. दुसरा जन्म घ्यायचा तर मरणाच्या दारावरून जावे लागते, आणि त्या दारातून परत न आलेली एखादी जाऊ-नणंद बहुतेक घरांत असे. म्हणून गर्भारपणाभोवती इतके नवस, इतके उपास. माणसाचे हात पोचत नव्हते तिथे माणसाने देवाचे हात मागितले. त्याला हसण्याचे काही कारण नाही.

आज प्रश्न थोडा निराळा आहे. माणसाचे हात आता बरेच पुढे पोचले आहेत. मग जोखमीच्या गर्भारपणात श्रद्धेने कुठे उभे राहायचे? दवाखान्याच्या वाटेवर आडवे की सोबत?

याचे उत्तर मला मैंदर्गीत मिळाले. अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे हे गाव. पुष्कळ घरांत कानडी आणि कचेरीत मराठी. कितीतरी सुनांची माहेरे पलीकडे आळंद-कलबुर्गीकडची. एका बाजूला अक्कलकोटचे स्वामी समर्थ, दुसऱ्या बाजूला भीमा-अमरजेच्या संगमावरचे गाणगापूर. १९९६ च्या सुमारास मी तिथे बँकेत होतो. आमच्या खातेदारांपैकी एका शेतकरी कुटुंबातल्या सुनेचे दोन गर्भ पाचव्या-सहाव्या महिन्यात गेले होते. कळा नाहीत, पडझड नाही, आणि एकाएकी सारे संपलेले. गावाने आपापली निदाने केली. कुणी दृष्ट म्हटले, कुणी करणी, आणि उरलेल्यांनी सुनेचा पायगुण काढला.

तिसऱ्या खेपेला सासू तिला सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी समजावून सांगितले, की गर्भपिशवीचे तोंड कमकुवत आहे, वाढते वजन त्याला पेलत नाही. तिसरा महिना सरताना तिथे टाका घालू, नववा लागला की काढू.

या टाक्याला जगभर 'शिरोडकर टाका' म्हणतात. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्यातले, १८९९ साली जन्मलेले, मुंबईत नावारूपाला आलेले स्त्रीरोगतज्ज्ञ. ही शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. त्या वेळी ते रुग्णाच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून तिने गर्भाशयाचे तोंड बांधीत. १९५७ साली ऑस्ट्रेलियाच्या मॅक्डोनाल्ड यांनी त्याची सोपी पद्धत काढली आणि हा उपाय जिल्ह्याच्या गावापर्यंत आला. प्रत्येक गर्भपाताला तो लागू पडत नाही, हे खरे. पण ज्या दुःखावर पिढ्यान्‌पिढ्या सुनांना पांढऱ्या पायाच्या ठरवले गेले, त्यांतले काही या एका टाक्याने थांबणारे होते!

खर्चासाठी सासूच्या पाटल्या सोनेतारणाला आल्या. पेच त्यानंतर पडला. दर पौर्णिमेला सुनेला घेऊन गाणगापूरला येईन, असा नवस सासू बोलून बसली होती आणि डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केलेली. घरात दोन दिवस बोलाचाली झाली. शेवटी निकाल त्या बाईनेच दिला. कर्जाचा हप्ता विचारायला आली तेव्हा ती मला म्हणाली, "सायेब, नवस म्या बोलले, तिनं न्हाई. म्या जाते. ती घरी राहू दे. देवाला घर ठाऊक हाय आमचं." ती दर पौर्णिमेला एकटी गेली. सून घरी राहिली. दिवस भरले, टाका काढला, मुलगी झाली. पुढच्या साली तुरीचे पैसे आले तेव्हा पाटल्या सुटल्या.

आता डॉक्टर सरसकट पडून राहायला सांगत नाहीत. पुष्कळ गोष्टी बदलल्या आहेत. पण त्या बाईने श्रद्धा आणि उपचार यांची जी वाटणी केली, तिच्यात मला आजही बदल सुचत नाही. नवसाचे कष्ट तिने स्वतःकडे घेतले आणि डॉक्टरांची आज्ञा सुनेकडे ठेवली.

माता का दगावतात, याचा विचार करताना थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली तीन विलंब सांगितले. घरात निर्णय व्हायला लागलेला उशीर, दवाखान्यापर्यंत पोचायला लागलेला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. शेवटचे दोन सरकारच्या आणि डॉक्टरांच्या पदरी टाकता येतात. पहिला मात्र आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे. तीन महिने कुणाला सांगायचे नाही, दृष्ट लागते, ही आपली रीत. पण नोंदणी व्हायला हवी ती पहिल्या बारा आठवड्यांत, आणि टाका घालायचा तोही त्याच सुमारास. शेजारणीला सांगू नका हवे तर. आशाताईला आणि डॉक्टरांना सांगायलाच हवे. तशीच आकडी. गर्भारपणात वाढलेल्या रक्तदाबाने येणारे झटके ही बाहेरची बाधा नव्हे. मॅग्नेशियम सल्फेटसारख्या स्वस्त औषधाने तो धोका निम्म्यावर येतो, हे ३३ देशांतल्या सुमारे १०,००० स्त्रियांवरील चाचणीने २००२ सालीच दाखवून दिले आहे.

वाट पुष्कळ सुधारली आहे. दर लाख जिवंत जन्मांमागे देशात २००४-०६ या काळात २५४ माता दगावत. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला. महाराष्ट्रात तो १३० वरून ३३ वर आला. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण केली जाते. ती खूण पाहून घरचे घाबरतात, काही जण कार्ड लपवतात. खरे तर तिचा अर्थ एवढाच, की या बाईकडे सर्वांनी अधिक लक्ष द्यावे. आणि बाळंतपणाला ती सीमेपलीकडे माहेरी जाणार असेल, तर साडीचोळीबरोबर ते कार्डही पिशवीत हवे.

एक गोष्ट मात्र कधी विसरू नये. सगळे वेळेवर करूनही कधी कधी कूस रिती राहते. तेव्हा 'तुझीच श्रद्धा कमी पडली' असे म्हणणे हा क्रूरपणा आहे. चौदा वर्षांच्या आनंदीबाई जोशींचे बाळ दहा दिवसांत गेले. पुरेसे उपचार मिळाले नाहीत, हे त्यांच्या मनात राहिले. पुढे १८८६ साली त्या फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, त्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. १८८७ साली बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी त्या गेल्या. त्यांच्या आशेला फळ आले नाही, असे कोण म्हणेल? मूल न लाभलेल्या आईची आशाही आशाच असते, आणि डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला तिला मानाने बोलावणे ही आपलीच जबाबदारी असते.

अक्कलकोटला जाणाऱ्या प्रत्येकाला स्वामी पाठीशी आहेत हा विश्वास वाटतो. 'पाठीशी' हा शब्द नीट ऐकावा. पाठीशी असणाऱ्याचा आधार चालत्या माणसाला मिळतो. आपल्या घरात कुणाला दिवस गेले असतील, तर अंगारा जरूर लावा, ओटी भरा, दिवा लावा. आणि येत्या ९ तारखेला तिच्याबरोबर घरातल्या कुणीतरी दवाखान्यात जा.