नवा एसएमपीएस आणि बंद संगणक

आपल्या पेढ्यांवरील लाल बासनातील चोपड्यांची जागा संगणकाने घेतली, त्यास आता बरीच वर्षे लोटली. वहीपूजन आजही होते. परंतु रोजकीर्द, खतावणी, उधारी, मालाचा साठा आणि जीएसटीचा हिशेब हे सारे टेबलाखालील एका पत्र्याच्या पेटीत असते. या पेटीतील सर्व भागांना वीज पुरविणारा भाग म्हणजे पॉवर सप्लाय. बाजारात त्यास एसएमपीएस म्हणतात. तो निकामी झाला की नवा बसविला जातो. पुष्कळदा खरी अडचण त्यानंतर उभी राहते. नवा एसएमपीएस बसतो, बटण दाबले जाते आणि संगणक मात्र निपचित राहतो. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची २० तारीख जवळ आलेली असते, अकलूजहून सोलापूर आणि पुणे दोन्ही दूर असतात, आणि अशा घाईत 'मदरबोर्डच गेला' हे निदान मान्य करून मोठा खर्च पत्करला जातो.

बँकेत तेरीज जुळली नाही, तर सर्व खाती एकदम उघडण्याची पद्धत नव्हती. प्रथम शेवटच्या नोंदी पाहायच्या. फरकास ९ ने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल शोधायची. फरकाच्या निम्मी रक्कम सापडली तर जमेची नोंद नावे पडली आहे का ते पाहायचे. येथेही तीच रीत उपयोगी पडते. जुना एसएमपीएस जळताना मदरबोर्डास घेऊन गेला असणे शक्य आहे. तथापि तो संशय शेवटचा ठेवावा. प्रथम नुकतेच जे बदलले आणि ते बदलताना जे हलविले, ते तपासावे.

या कामात सर्वांत मौल्यवान वस्तू मदरबोर्ड नसून हार्ड डिस्क आहे. बाजारात मदरबोर्ड पुन्हा मिळतो. सहा वर्षांची खतावणी मिळत नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून नव्या एसएमपीएसचे व्होल्टेज तपासून होईपर्यंत हार्ड डिस्कची वीजजोडणी काढून ठेवण्यास सांगावे. काही एसएमपीएसच्या तारा दोन्ही टोकांनी सुट्या होतात. त्यांचे डिस्ककडील टोक सारखेच दिसते, परंतु एसएमपीएसकडील टोकाची रचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांचीही, वेगळी असते. जुनी तार नव्या एसएमपीएसला जोडली तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क क्षणात जळू शकते. 'जुनीच तार बसते आहे' हे वाक्य ऐकताच काम थांबवावे.

आता क्रमाने तपासणी. संगणक पूर्ण निर्जीव असेल, दिवा नाही, पंखा नाही, तर प्रथम भिंतीवरील सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहावे. एसएमपीएसच्या पाठीमागील लहान स्विचची उभ्या रेघेची बाजू दाबलेली असावी; शून्याची बाजू म्हणजे बंद. काही साध्या एसएमपीएसवर ११५ व २३० असे लिहिलेला लाल सरक-स्विच असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून वीज दिल्यास नवा एसएमपीएसही जळतो. कॅबिनेटच्या बटणाची बारीक तार मदरबोर्डवरून निसटली आहे का, हेही पाहावे.

पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही, अशी दुसरी अवस्था असते. तेथे मदरबोर्डची २४ खिळ्यांची मोठी जोडणी पूर्ण आत बसली आहे का ते पाहावे, आणि त्याहून अधिक लक्ष प्रोसेसरजवळील ४ किंवा ८ खिळ्यांच्या वेगळ्या जोडणीकडे द्यावे. घाईत हीच विसरली जाते. त्यानंतर रॅम काढून पुन्हा घट्ट बसवावी. हात लागल्याने ती सैल होते.

संगणक क्षणभर सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर एसएमपीएस आपले संरक्षण करीत असण्याचा संभव असतो. मदरबोर्डखाली पडलेला स्क्रू किंवा चुकीच्या जागी राहिलेला पितळी खुंटा कोठे शॉर्ट करतो आहे का ते पाहावे. एकेक भाग सोडवून पाहिल्यास दोषी भाग सापडतो.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर एसएमपीएस वेगळा तपासावा. वीज चालू असताना जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट असावेत, संगणक बंद असला तरीही. जाणकार कारागीर मोठ्या जोडणीतील हिरवी व काळी तार जोडून तो स्वतंत्रपणे सुरू करतो. तेव्हा पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळावेत. काही नव्या एसएमपीएसच्या सर्व तारा काळ्या असतात; तेथे रंगावर विसंबता येत नाही. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये काही काळ सुमारे ३०० व्होल्ट साठून राहू शकतात.

यंत्र सुरू होते, पण काम वाढताच बंद पडते, असे असल्यास वरच्या लेबलावरील मोठ्या आकड्याने समाधान मानू नये. १२ व्होल्टच्या रकान्यातील अँपिअर वाचावेत. तेथे १८ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅटच त्या मुख्य रेषेवर मिळतात, मग बाहेर ४५० लिहिलेले का असेना. वजनावर माल घेणाऱ्या व्यापाऱ्यास हा फरक अधिक सांगावयास नको.

आणखी एक तक्रार नव्या एसएमपीएसबरोबरच येते. संगणक मुख्य विजेवर नीट चालतो, परंतु वीज जाताच यूपीएस असूनही बंद पडतो. काही नव्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची पायऱ्यांसारखी विद्युतलहर मानवत नाही. तेथे दोन्ही वस्तू स्वतंत्रपणे निर्दोष असतात. जोडी जुळत नाही. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा दुकानाच्या अर्थिंगचा असतो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. न्यूट्रल व अर्थ यांमधील व्होल्टेज शक्यतो २-३ च्या आत असावे; ते वायरमनकडून मोजून घ्यावे. जुना एसएमपीएस का जळला, याचे उत्तर तेथेच सापडले, तर नवा वाचेल.

हे सारे स्वतः करावे असा आग्रह नाही. परंतु मालकास क्रम ठाऊक असला, तर कारागीरही क्रमाने काम करतो. एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहावा. एसएमपीएसचा अनुक्रमांक बिलावर घ्यावा, म्हणजे वॉरंटीच्या वेळी वाद राहत नाही. आणि संगणक उत्तम चालत असतानाच रोज संध्याकाळी हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. तिजोरीची दुसरी किल्ली आपण तिजोरीतच ठेवत नाही. हिशेबाची दुसरी प्रतही त्याच पेटीत ठेवू नये.