कुत्र्याच्या रडण्याचा अर्थ

मध्यरात्री वाड्यावर एखादा कुत्रा मान वर करून भेसूर सूर काढू लागला, की घरोघरची झोप उडते. कोणी देवाचे नाव घेतो, कोणी दार उघडून धोंडा भिरकावतो. त्यातून घरात वृद्ध माणूस अंथरुणाला खिळलेले असेल, तर विचारावयासच नको. कुत्र्याला यमदूत दिसतो, ही समजूत इतकी रुजली आहे की शिकलेसवरलेले लोकही ती उघडपणे नाकारावयास कचरतात. दर गुरुवारी दत्तगुरूंच्या पायांशी बसलेल्या चार श्वानांना हात जोडणारे आम्हीच ना!

वास्तविक हे रडणे नव्हे. ती हाक आहे. कुत्रा लांडग्याच्या कुळातला. पांगलेल्या सोबत्यांना आपला ठावठिकाणा कळविण्यासाठी लांडगे असाच लांबलचक सूर लावतात. माणसाचा उंबरठा धरून हजारो वर्षे लोटली तरी कुत्र्याची ती खोड सुटलेली नाही. सायंकाळी देवळात शंख फुंकला जाताच बाहेरचा कुत्रा त्यात आपला सूर मिसळतो, तेव्हा आपण हसतो. तोच सूर रात्री कोल्हेकुईला उत्तर म्हणून निघाला, की मात्र अभद्र ठरतो! एकटा बांधून ठेवलेला, भाद्रपदात जोडीदारासाठी कासावीस झालेला, म्हातारपणी दुखण्याने गांजलेला कुत्राही असाच ओरडतो. आजाऱ्याच्या घरी रात्रभर दिवे जळतात, माणसांची ये-जा चालते, रोज घास घालणारा हात दिसत नाही. तेथील कुत्रा अस्वस्थ झाला तर नवल ते काय? मागाहून मृत्यू घडला, तर ते रडणे लक्षात राहते. ज्या असंख्य रात्रींनंतर काहीच घडले नाही, त्या कोणी मोजीत नाही.

कुत्र्याच्या आवाजात मृत्यूची खरी सूचना एका प्रसंगी असू शकते, आणि नेमकी तीच आपण ऐकत नाही. ओळखीच्या कुत्र्याचा आवाज अकारण घोगरा झाला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर रेबीजचा संशय घ्यावा. घशाचे स्नायू लुळे पडल्याने तो आवाज बदलतो. हाड अडकले असेल अशा समजुतीने त्याच्या तोंडात हात घालणे जिवावर बेतू शकते. चावा बसला किंवा लाळ जखमेस लागली, तर ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ इस्पितळ गाठावे व लस घ्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर वैद्यकाचे हात टेकलेले असतात. २०२१ मध्ये गोवा राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले, ते रस्त्यावरील कुत्र्यांना घरोघर, वाड्यावाड्यांवर हिंडून टोचलेल्या लसीमुळे. ती लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते, आणि धोंडे खाऊन माणसाला बुजलेला कुत्रा टोचणाऱ्यांच्या हाती सहजासहजी लागत नाही.