बाजाराची खुली यादी आणि एक नको असलेला रकाना

रमजान सुरू झाला की आपल्या शहरांतले बाजार जणू दोन पाळ्यांत चालू लागतात. दुपारी निम्मी शटर खाली असतात. दुपारनंतरच्या असर नमाजनंतर खजूर, फळे, भजी आणि शेवयांच्या गाड्या लागतात. तरावीह आटोपली की कपडे, चपला, अत्तर, बांगड्यांची दुकाने उशिरापर्यंत उजळलेली राहतात. गिऱ्हाईक सगळ्या समाजांचे असते आणि विक्रेतेही. खजूर विकणारा बागवान असतो, सुकामेवा मारवाडी दुकानातून येतो, दूध गवळ्याकडून आणि शेरवानीची शिलाई नामदेव शिंप्याकडूनही होते.

याच महिन्यात मोबाइलवर याद्याही फिरू लागतात. चांद रातपर्यंत कपडे शिवून देणारा टेलर कोण, घरगुती शामी कबाब कुठे मिळतात, सहरीच्या वेळी कोणते हॉटेल उघडे असते? या याद्या कामाच्या असतात. पण त्यांतल्या काहींच्या खाली एक ओळ असते, ‘खरेदी आपल्याच लोकांकडून करा.’ दुसऱ्या बाजूनेही याद्या फिरतात आणि त्यांचा मजकूर असतो, ‘यांच्याकडून घेऊ नका.’ दोन्ही याद्यांत दुकान तेच असते, पत्ता तोच असतो. फरक पडतो तो एका रकान्याने. मालक कोणत्या धर्माचा?

गावातल्या लोकांनीच तयार केलेली, सर्वांना खुली असलेली व्यवसायांची यादी आज प्रत्येक मध्यम शहराची गरज आहे. ती बनवणे आता अवघडही राहिलेले नाही. मात्र ती गावाच्या उपयोगाची होईल की गावाला घातक ठरेल, हे तिच्यात किती दुकाने आहेत यावर ठरत नाही. तिच्यात कोणते रकाने आहेत आणि कोणते मुद्दाम ठेवलेले नाहीत, यावर ठरते.

यादी हवी कशाला?

कुणी म्हणेल, गूगल मॅप्स आहे की! आहे आणि उपयोगीही आहे. पण गूगलनेच सांगितल्याप्रमाणे २०२३ या एका वर्षात कंपनीला १ कोटी २० लाखांहून अधिक बनावट व्यवसाय-नोंदी काढाव्या किंवा रोखाव्या लागल्या. माहिती पुरवणाऱ्या इतर खासगी सेवांत पैसे भरणाऱ्याचे नाव वर जाते. शिवाय या याद्यांची मालकी कंपनीची. आपण फुकटात भरलेली माहिती उद्या आपल्यालाच उचलून दुसरीकडे वापरता येत नाही.

सरकारकडेही याद्या आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या लहान दुकानाला नोंदणीची गरज नाही, फक्त सूचना द्यावी लागते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दर पाच वर्षांतून किमान एकदा फेरीवाल्यांचे सर्वेक्षण करायला सांगितले आहे. पण या नोंदी परवान्यासाठी आणि नियमनासाठी आहेत. भांड्यांना कल्हई कोण करून देईल, शालीला रफू कोण करेल, गादी पिंजायला कोण येईल, हे त्यांतून गिऱ्हाइकाला कळत नाही.

मिरजेचेच उदाहरण घ्या. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने वस्तूची ओळख पक्की केली. पण बाहेरगावच्या विद्यार्थ्याला तानपुऱ्याची जवारी काढून घ्यायची असेल, तर कोणत्या बोळात, कोणत्या दिवशी जायचे, हे गावातला माणूसच सांगू शकतो. खुली यादी म्हणजे गावातल्या माणसांचे हे तोंडी ज्ञान नीट लिहून ठेवणे.

दोन अनुभव

अशी सामूहिक कामे जगात झालेली आहेत. पहिले उदाहरण सावध करणारे आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ सुरू झाला. इंटरनेटवरच्या संकेतस्थळांची विषयवार यादी स्वयंसेवकांनी बनवायची, अशी कल्पना होती. यादीत शेवटी ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळे होती आणि तिच्यावर ९१ हजारांहून अधिक संपादकांचा हात फिरला होता. पण नव्या नोंदी महिनोन्‌महिने पडून राहत. काही संपादक आपल्या मर्जीतल्यांना आत घेतात आणि प्रतिस्पर्ध्यांना ताटकळत ठेवतात, असे आरोप होत राहिले. श्रम स्वयंसेवकांचे आणि मालकी कंपनीची अशी रचना होती. कंपनीने मार्च २०१७ मध्ये प्रकल्प बंद केला. माहिती खुली असल्यामुळे स्वयंसेवकांना ती ‘कर्ली’ या नावाने पुढे चालू ठेवता आली, एवढेच समाधान.

दुसरे उदाहरण आजही जोमाने चालू आहे. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशा कुणीही दुरुस्त करू शकतो. आपल्या गावातले दुकान, त्याची वेळ, फोन, पायऱ्या आहेत की व्हीलचेअर आत जाते, हे सारे त्यात भरता येते. दुकानाचे नाव मराठी, उर्दू, इंग्रजी अशा प्रत्येक भाषेत स्वतंत्र लिहिता येते. आपल्याकडे ही मोठी सोय आहे, कारण पाटीवर ‘रफीक’ आणि मोबाइलवर भलतेच स्पेलिंग अशी गत नेहमीची. प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला, याचा इतिहास सर्वांना दिसतो. चुकीचा बदल मागे फिरवता येतो. माहिती कुणीही वापरू शकतो. अट एवढीच की श्रेय द्यायचे आणि ती सुधारून लोकांपुढे ठेवली तर सुधारलेली माहितीही खुली ठेवायची.

त्यांची एक कसोटी साधी आहे. वाद झाला तर जागेवर जाऊन पाहायचे. जे प्रत्यक्ष दिसते ते लिहायचे, ऐकीव लिहायचे नाही. आणि आपल्या विषयाला थेट भिडणारी गोष्ट पुढे आहे. या नकाशात हॉटेलसाठी ‘शाकाहारी मिळते’, ‘हलाल मिळते’, ‘कोशर मिळते’ अशा खुणा आहेत. धर्माची खूण आहे ती प्रार्थनास्थळांसाठी.

वस्तूची माहिती, माणसाची माहिती

हाच भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमध्ये कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना मालकाचे आणि कामगारांचे नाव पाटीवर लावायला सांगण्यात आले. २२ जुलैला न्यायालयाने या आदेशांना अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचे अन्न मिळते हे दाखवायला सांगता येईल, पण नावे लावण्याची सक्ती करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी क्यूआर कोडच्या रूपाने तोच प्रश्न परत आला. त्या वेळी न्यायालयाने क्यूआरच्या मुद्द्यात न शिरता, कायद्याने आवश्यक असलेला परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्र लावण्यास सांगितले. परवान्यावर नाव असतेच आणि तक्रारीसाठी ते हवेच. पण जबाबदारी निश्चित करण्यासाठी नाव असणे वेगळे आणि गिऱ्हाइकांनी दुकाने चाळून वेगळी काढावीत म्हणून नाव असणे वेगळे.

महाराष्ट्रात हा प्रश्न मार्च २०२५ मध्ये, रमजान चालू असतानाच उभा राहिला. राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी झटका मटण विकणाऱ्या हिंदू विक्रेत्यांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली. यातले दोन धागे सुटे करून पाहायला हवेत. झटका मटण हवे असलेल्या माणसाला ते कुठे मिळते हे कळले पाहिजे. हा त्याचा हक्क आहे. हलाल शोधणाऱ्या मुसलमानाला जो हक्क आहे, कांदा-लसणाशिवाय जेवण शोधणाऱ्या जैनाला जो हक्क आहे, तोच हा. खुल्या यादीत ‘झटका’, ‘हलाल’, ‘शुद्ध शाकाहारी’, ‘जैन जेवण’ हे सगळे रकाने जरूर असावेत. पण ‘विक्रेता कोण’ हा रकाना आला की यादी मटणाची राहत नाही.

हेच मी ‘आपल्याच लोकांकडून घ्या’ म्हणणाऱ्या आपल्या भावांनाही सांगेन. हलाल कुठे मिळते ते बेशक सांगा. पण ज्या यादीचा आधारच मालकाचा धर्म आहे, ती दुसऱ्याच्या हाती पडली की बहिष्काराची यादी तयारच असते. त्याला फक्त वरचे शीर्षक बदलावे लागते.

ही भीती काल्पनिक नाही. १९८४ मध्ये दिल्लीत शीखांची घरे शोधायला मतदार याद्या आणि रेशनच्या याद्या वापरल्या गेल्या, अशा साक्षी नोंदल्या गेल्या आहेत. २००२ मध्ये गुजरातमध्ये हल्लेखोरांच्या हाती मुस्लिमांच्या घरांच्या आणि मालमत्तांच्या छापील याद्या असल्याचे मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत आहे. रेशनची यादी कुणाला मारण्यासाठी बनवलेली नव्हती. धान्य वाटण्यासाठी बनवली होती. बनवणाऱ्याचा हेतू यादीबरोबर प्रवास करत नाही, रकाने मात्र करतात. खुली यादी तर कुणीही पूर्णच्या पूर्ण उतरवून घेऊ शकतो. म्हणून जे गोळाच केलेले नाही, तेवढेच सुरक्षित.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ‘मदिना चिकन सेंटर’ किंवा ‘जय भवानी मटण शॉप’ ही नावे वाचून मालक कळतोच, मग लपवले काय? लपवायचे काहीच नाही. पाटीवर काय लिहायचे हे दुकानदाराने स्वतः ठरवलेले असते. यादी तेवढेच उतरवून घेते. त्याने न सांगितलेले शोधून काढून, रकान्यात बसवून, चाळणी लावता येईल असे करून ठेवणे हे मात्र यादी बनवणाऱ्याचे काम नाही. जातीचेही तसेच. ‘चपला-दुरुस्ती’, ‘शिलाई’, ‘मटण’ असे कामाचे नाव लिहावे. कामाच्या नावाखाली जात लिहू नये.

घरातले व्यवसाय

सगळ्यात नाजूक भाग बायकांच्या घरगुती व्यवसायांचा आहे. शेवया, समोसा-पट्टी, पापड, मेंदी, शिवणकाम, डबे. रमजानात आणि दिवाळीत यावर कित्येक घरांचे वर्षाचे गणित उभे असते. दुकान नाही, पाटी नाही, म्हणजे यादीची खरी गरज यांनाच. आणि धोकाही यांनाच जास्त, कारण इथे दुकानाचा पत्ता म्हणजे घराचा पत्ता. २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम महिलांचे फोटो उचलून त्यांच्या लिलावाचे नाटक रचले गेले. समाजमाध्यमांवर उघडी असलेली माहिती एकत्र करूनच ते झाले होते.

म्हणून घरगुती व्यवसायासाठी नियम वेगळा हवा. त्या बाईने स्वतः हो म्हटल्याशिवाय नोंद नाही. घर क्रमांकाऐवजी फक्त मोहल्ला किंवा पेठ. शक्य असेल तर बचत गटाचा एकच सामाईक फोन. आणि ‘माझे नाव काढा’ म्हटले की कारण न विचारता त्याच दिवशी काढायचे. मात्र दुसऱ्याने आधीच उतरवून घेतलेली प्रत परत घेता येत नाही, हेही हो म्हणण्यापूर्वी तिला सांगायचे. २०२३ चा व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती कक्षेबाहेर ठेवतो. पण ग्रुपवर एका मैत्रिणीला दिलेला नंबर म्हणजे सार्वजनिक केलेला नंबर नव्हे.

चालवायची कशी?

यादी सुरू करणे सोपे, जिवंत ठेवणे कठीण. दुकाने बंद होतात, गाळे बदलतात, मुलगा नवा फोन घेतो. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ‘शेवटची तपासणी कधी’ ही तारीख हवी आणि वर्षभर न तपासलेली नोंद तशी दिसायला हवी. वेळांचा रकानाही आपल्याकडे वाटतो तेवढा सरळ नाही. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा १० ते ११ दिवसांनी लहान असल्याने रमजानच्या वेळा दर वर्षी अलीकडे सरकतात. काही गावांत अमावास्येला काम बंद ठेवण्याची रीत आहे. आठवडी बाजाराचा दिवस गावोगावी वेगळा. कॅलेंडरच्या महिन्यांत ठोकून बसवलेली वेळ इथे चालत नाही, ती हाताने दुरुस्त करत राहावी लागते. फेरीवाल्याला तर पत्ताच नसतो. त्याच्यासाठी ‘सायंकाळी पाचनंतर, बसस्थानकाच्या कोपऱ्यावर’ हाच पत्ता.

हे काम कुणी करावे? महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी, व्यापारी संघाने, वाचनालयाने. एकाच्या हाती सोपवू नये. तपासणाऱ्यांत दोन समाजांची, दोन पेठांची माणसे असावीत. स्वतःच्या किंवा नातलगाच्या दुकानाची नोंद दुसऱ्याने तपासावी. पैसे घेऊन कुणालाही वर चढवू नये. आणि रकान्यांची यादी पहिल्याच दिवशी जाहीर करावी. काय विचारणार आणि काय कधीच विचारणार नाही, हे दोन्ही त्यात असावे.

कुरआनमध्ये मापात मारणाऱ्यांविषयी एक स्वतंत्र सूरह आहे, ‘अल-मुतफ्फिफीन’. व्यापाऱ्याचा हिशेब तिथे त्याच्या तराजूवर होतो. गावाच्या यादीनेही तेवढेच पाहावे. माल काय, वजन पुरे का, दुकान किती वाजता उघडते. ईदला अजून दिवस आहेत. ज्या पेठेत आपण खरेदीला जातो, तिथल्या दहा दुकानांच्या वेळा आणि पत्ते नीट तपासून लिहून काढायला एक संध्याकाळ पुरेल. त्यात मालकाचे आडनाव विचारायची गरज पडणार नाही.