फेलसेफ नक्की कोणासाठी?

"फेलसेफने इंजिन बंद केलं तर विमान पडणारच ना? मग त्यात सेफ काय राहिलं?"

इथे अमेरिकेत मॉडेल जेट उडवणाऱ्यांच्या मैदानावर हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. विचारणारा नवशिका असतो असंही नाही. दहा-बारा हजार डॉलर घातलेला, हात चांगला बसलेला माणूस असतो. आणि त्याचा मुद्दा ऐकायला इतका बिनतोड वाटतो की आजूबाजूचे चार जण माना डोलावतात. मला त्या मानांचाच राग येतो.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे बॅटरीवरचं फोमचं विमान नव्हे. पोटात खरंखुरं टर्बाइन असतं. केरोसीनवर चालतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि मागून निघणारा वायू ५००-७०० अंश सेल्सिअसचा असतो. बेअरिंगला वेगळं वंगण नाही, म्हणून केरोसीनमध्येच पाचेक टक्के तेल मिसळायचं. मोठं मॉडेल २० किलोचं सहज भरतं. एएमए या इथल्या मॉडेल उडवणाऱ्यांच्या संघटनेने टर्बाइनसाठी वेगळी परवानगी ठेवली आहे आणि ताशी २०० मैलांची वेगमर्यादा घातली आहे. म्हणजे साधारण ३२० किलोमीटर.

आता शाळेतलं गणित करा. २० किलो, ताशी ३२० किलोमीटर. गतिज ऊर्जा येते जवळपास ७९ हजार ज्यूल. एक टनाची मोटार ताशी ४५ किलोमीटरने येऊन धडकली तर साधारण तेवढीच. फरक एवढाच की मोटारीत ड्रायव्हर असतो, आणि या विमानात कोणी नसतं. रेडिओचा सिग्नल तुटला की मैदानावरचाही कोणी उरत नाही.

तेव्हा काय करायचं हे रिसीव्हरला आधी सांगून ठेवणं म्हणजे फेलसेफ. दोन पर्याय: 'होल्ड', म्हणजे शेवटची आज्ञा धरून ठेव. किंवा ठरवून दिलेल्या जागी सगळं ने आणि टर्बाइन बंद कर. होल्डवाले म्हणतात की सिग्नल अर्ध्या सेकंदात परत येतो, तेवढ्यासाठी विमान का घालवायचं? अहो, पण परत नाही आला तर? फुल थ्रॉटलवर होल्ड झालेलं जेट दहा सेकंदांत जवळजवळ ९०० मीटर जातं. तिकडे रस्ता आहे, घरं आहेत, कोणाच्या तरी अंगणात पोरं खेळतायत. त्यांनी तुमच्या विमानात एक डॉलर घातलेला नाही.

विमान वाचवणं ही फेलसेफची जबाबदारीच नाही. विमान तुमचं, तुम्ही बघा. खाली उभ्या असलेल्यांनी मात्र काही साइन केलेलं नाही.

मधला मार्ग काढणारेही भेटतात: "मी आयडलवर ठेवलंय." हे तर अजून भारी. आयडल म्हणजे टर्बाइन चालू, पंप चालू. विमान सुक्या गवतात आपटलं, टाकी फुटली, तापलेलं इंजिन आणि वर पंप केरोसीन ढकलतोय. अग्निशामक सिलिंडर मैदानाच्या या टोकाला, तुम्ही धावताय.

आणि कितीतरी जणांचं फेलसेफ आयडलवर आहे हे त्यांना ठाऊकच नसतं. आपल्या धंद्यातल्या लोकांना हा बग लगेच कळेल. टर्बाइनच्या सेटअपमध्ये बहुधा थ्रॉटल ट्रिम वर म्हणजे आयडल आणि ट्रिम खाली म्हणजे बंद. काही रेडिओ रिसीव्हर बाइंड करताना थ्रॉटल जिथे असेल तीच जागा फेलसेफ म्हणून साठवतात. बाइंड करताना ट्रिम वर राहिला की झालं! स्क्रीनवर एरर नाही, वॉर्निंग नाही. शंभर उड्डाणं मस्त होतील. एकशेएकाव्याला सिग्नल जाईल.

पूर्वी हे असं नव्हतं म्हणतात. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंगने १९८०च्या दशकात घरच्या वर्कशॉपमध्ये टर्बाइन बनवलं तेव्हा कॉम्प्रेसरचं चाक चक्क लाकडाचं होतं, वरून कार्बन फायबर गुंडाळलेलं. असं इंजिन चालवणारा माणूस ते कुठे दगा देईल हे विसरूच शकत नसेल. आज एक स्विच टाकला की ईसीयू स्टार्टर फिरवतो, पेटवतो, तापमान बघतो, थंडसुद्धा करतो. सोय झाली, छानच झालं. पण ईसीयूला तुम्ही फेलसेफ काय ठेवलंय ते विचारायला येत नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. आधी इंजिन न पेटवता ट्रान्समीटर बंद करा आणि ईसीयूच्या डिस्प्लेवर थ्रॉटल 'ऑफ' दिसतोय का बघा. मग टर्बाइन चालू, एकाने विमान घट्ट धरलेलं, मागे कोणी नाही, सिलिंडर हाताशी, आणि पुन्हा ट्रान्समीटर बंद. टर्बाइन मेलं पाहिजे. रिसीव्हर बदलला, पुन्हा बाइंड केला, तर पुन्हा पहिल्यापासून.

"माझं तपासलेलं आहे रे" हे उत्तर मी धरत नाही. माझ्यासमोर बंद करून दाखवा, मग खुशाल उडवा. नाहीतर मी आपला गाडीत जाऊन बसतो.