‘आम्हाला काय आभाळ नवं आहे?’

नांदेड-लातूरकडं विजेच्या इशाऱ्याला हमखास मिळणारं उत्तर हे. ‘येत्या तीन तासांत विजांच्या कडकडाटासह पाऊस’ असा हवामान खात्याचा संदेश मोबाइलवर येतो, वाचणारा एकवार आभाळाकडं बघतो आणि विळा पुन्हा हातात घेतो. यात मग्रुरी नसते. ज्यांनी किल्लारीचा भूकंप सोसला, 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी झोडपलेला गहू-हरभरा पाहिला, दुष्काळामागून दुष्काळ काढले, त्यांच्या बोलण्याला वजन आहे. आणि वजन आहे म्हणूनच ते खोडून काढणं भाग आहे. सोसलेल्या माणसाचं म्हणणं सगळं गाव ऐकतं, लेकरंही तेच उचलतात.

पहिला दावा अनुभवाचा. ‘चाळीस पावसाळे काढले, ईज कधी अंगावर आली नाही.’ खरं आहे. पण ज्याच्या अंगावर आली तो पारावर सांगायला येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणं 2022 साली देशात वीज पडून 2,887 माणसं गेली. त्यांतल्या कितीतरी जणांनीही असेच पावसाळे काढलेले असणार. पूर येतो तेव्हा गावच्या गाव पाण्यात जातं आणि ते साल कुणी विसरत नाही. वीज मात्र एखाद-दुसऱ्याला नेते, तेही कुठल्यातरी लांबच्या वावरात. म्हणून गावाच्या आठवणीत ती राहत नाही आणि आपल्याकडं पडतच नाही असा समज घट्ट होतो.

किल्लारीचा दाखला तर उलटाच लागू पडतो. 1992च्या पावसाळ्यापासून त्या भागाला हादरे बसत होते. ऑक्टोबरात त्यांचा जोर एवढा वाढला की माणसं घराबाहेर झोपू लागली. पुढं हादरे ओसरले आणि माणसं माळवदाच्या घरांत परतली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना, त्याच दगडमातीच्या भिंती कोसळल्या. माणसांचा दोष नव्हता. भूकंप कधी होणार हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं, आजही सांगता येत नाही. विजेचं तसं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आपल्याभोवतीच्या 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत विजा पडत असतील तर सांगतं. किल्लारीकरांना ज्यातली पाच मिनिटंही मिळाली नाहीत, तो अवधी आपल्या हातात असतो आणि आपण तो सवयीपोटी घालवतो.

दुसरा दावा: ‘त्यांचे अंदाज कुठं खरे होतात?’ या रागाला कारण आहे. 2017च्या जुलैत माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरणी केली, पावसानं दडी मारली आणि त्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. बियाण्याचा पैसा मातीत गेलेला माणूस दुसरं काय करणार? पण तो हंगामाचा अंदाज होता. येत्या तीन तासांचा इशारा उठलेले ढग रडारवर बघून दिलेला असतो. एकाची चूक दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. शिवाय नांदेड जिल्ह्याचे तालुके सोळा. इशारा जिल्ह्याला दिला, ढग माहूर-किनवटला फुटला आणि देगलूरला ऊन पडलं, तर देगलूरकर म्हणतो इशारा खोटा ठरला. तालुक्यापुरता, मंडळापुरता नेमका इशारा मागणं रास्त आहे आणि ती मागणी जोरानं केली पाहिजे. तोवर आहे तो इशारा फेकून देणं मात्र शहाणपणाचं नाही.

पायाळू माणसावर वीज पडते, या समजावर फार बोलायला नको. माणूस डोक्याकडून जन्मला की पायाकडून, विजेला त्याचं देणंघेणं नाही. उंच झाड, मोकळं रान आणि त्यात उभा असलेला जीव, एवढंच तिला पुरतं. ज्या झाडाखाली आपण पावसाचा आडोसा घेतो त्यावर पडलेली वीज जमिनीतून पसरते. गाय-बैलाचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं ती त्यांच्या अंगातून जाते. झाडाला बांधलेली जोडी जागीच जाते ती यामुळं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती खोडून काढण्यासारखी नाही, समजून घेण्यासारखी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसाच्या तोंडावर, सोयाबीनची काढणी चालते. काढणी गुत्त्यानं, म्हणजे एकरामागं ठरलेला दाम. दुपारी दोनला आभाळ भरून येतं, गडगड सुरू होते, पण बायांची टोळी हात आखडत नाही, कारण थांबलं की एकर अर्धा राहतो आणि मजुरीही अर्धीच राहते. आणि मालक? त्याला इशारा कळला की तो घरात न बसता ताडपत्री घेऊन वावराकडं पळतो, कापलेल्या सोयाबीनची बनीम झाकायला. वर्षाची कमाई उघड्यावर असताना कोण घरात बसेल! म्हणजे ज्या घटकेला माणूस आत यायला हवा, त्याच घटकेला आपला इशारा त्याला उघड्या रानात धाडतो.

म्हणून माझं म्हणणं, इशारा पिकासाठी सकाळीच ऐकावा आणि दुपारी जिवासाठी. पिवळा किंवा नारंगी इशारा असेल त्या दिवशी बनीम जेवणाआधी झाकलेली असावी, ताडपत्रीवर दगड ठेवलेले असावेत. हे वादळी ढग बहुतेक उन्हानं तापलेल्या दुपारनंतरच उठतात. झुंजूमुंजू होताच कामाला लागून दोनच्या आत हात धुतले तर एकर पुरा होतो. गुत्तं ठरवतानाच मालकानं बोली करावी की गडगडाटामुळं काम थांबलं तर दाम कापला जाणार नाही. चारी बाजूंनी उघडा पत्र्याचा आखाडा आसरा नव्हे. पक्कं घर किंवा काचा लावलेली जीप हाच आसरा. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, विळा ठेवायचा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. वीज लागलेल्याला हात लावायला भिऊ नये. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहावी, कितीतरी जण त्यानं वाचतात.

वीज पडून माणूस गेला की तलाठी पंचनामा करतो, शासनाकडून घरच्यांना चार लाख मिळतात. त्या पंचनाम्यात आणखी दोन नोंदी सक्तीच्या कराव्यात: इशारा किती वाजता आला, आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तो गावाला कुणी ऐकवला. भोंगा करवसुलीसाठी वाजतो, लसीकरणासाठी वाजतो. आभाळ भरून आल्यावर तो का वाजत नाही, याचं उत्तर सरपंचाला आणि ग्रामसेवकाला ग्रामसभेत द्यावं लागलं पाहिजे.