उरलेलं म्हणजे आहार नव्हे!

सबमिशन आणि बॅकलॉग सोडून हा कुत्र्याच्या जेवणावर काय लिहीत बसलाय, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्यातली बरीच पोरं नांदेड-लातूरच्या खेड्यांतली. आखाड्यावर एखादा मोत्या नाहीतर वाघ्या असतोच. त्याला आपण काय घालतो? शिळी भाकर, उरलेलं कालवण आणि कोंबडीची हाडं! उलट शहरातल्या काहींना वाटतं, पाकिटातल्या गोळ्यांशिवाय कुत्रं जगतच नाही. माझं मत स्पष्ट आहे. आपल्या शिवारात पिकतं त्यातूनच कुत्र्याचं चांगलं जेवण होतं. फक्त ते त्याच्यासाठी म्हणून शिजवायला हवं.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं. आपल्या भागातला कारवानी कुत्रा तर लई नावाजलेला. कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात आणि २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. असा मान असलेल्या जनावराला, खंडोबाच्या सोबत्याला, आपण खरकटं टाकायचं. हा कुठला न्याय?

"कुत्रं मांस खाणारं, त्याला भाकरीचं काय?" असं कुणी विचारेल. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. म्हणजे भाकर पचते. पण नुसत्या भाकरीवर भागत नाही. ज्वारीत प्रथिनं साधारण १० टक्के. अमेरिकेतल्या मानकानुसार मोठ्या कुत्र्याच्या आहारात, पाणी वगळून, किमान १८ टक्के लागतात. पिल्लाला त्याहून जास्त. शिवाय ज्वारीत लायसिन कमी असतं. ते तुरीच्या डाळीत भरपूर, आणि तुरीची आपल्याकडं काय कमी आहे?

मग करायचं असं. बिनमिठाचं, बिनतिखटाचं घट्ट वरण घ्यायचं, त्यात भाकर कुस्करायची. वर उकडलेलं अंडं, शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर आणि थोडं करडईचं तेल. करडईतलं लिनोलेइक आम्ल कातडी आणि केसांना चांगलं. जमेल तेव्हा शिजवलेलं मांस, अधूनमधून थोडं काळीज. मात्र मांसात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून अंड्याच्या टरफलाची बारीक पूड घालावी, नाहीतर वाढत्या पिल्लाची हाडं कच्ची राहतात. दूध कित्येक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. घरच्या जेवणात जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व कमी पडू शकतं. त्यासाठी आणि वजनाप्रमाणे किती घालायचं यासाठी गावच्या पशुवैद्यांना किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारावं.

आता काय घालू नये? कांदा-लसूण, कच्चा असो की शिजलेला. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चॉकलेट तर विषच. शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात घुसतात. आता सांगा, आपल्या मेसची कुठली भाजी कांदा-लसणाशिवाय असते?

राहिला प्रश्न हॉस्टेलच्या पायरीवर वाट बघणाऱ्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला भटक्या कुत्र्यांना ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालायला सांगितलं. ७ नोव्हेंबर २०२५ ला शिक्षणसंस्था, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा, परत तिथेच न सोडण्याचा आदेश दिला. कुणाला हे पटेल, कुणाला नाही. पण आवारात ताट उपडं करून निघून जाणं ही माया नव्हे, ती फक्त ताट धुण्याची सोय. ज्यांना खरंच कळवळा आहे त्यांनी चार जणांचा गट करावा, रेक्टर सरांना बरोबर घेऊन महापालिकेत जावं, निवारा आणि खाऊ घालायची जागा कुठं ते विचारावं आणि तिथं नीट शिजवलेलं अन्न पोचवावं.

आणि येत्या सुट्टीत गावाकडं गेलात की आईला एवढंच सांगा: "आई, फोडणी द्यायच्या आधी मोत्याचं वरण बाजूला काढ."