‘नरवा’चा ‘नाला’ कशाला?



गावठी नावे ‘शुद्ध’ करूनच नकाशावर घालावीत, ही गेल्या अंकातील पत्रलेखकांची सूचना मुळीच पटली नाही. इथे सिलतऱ्यात, स्पंज आयर्नच्या कारखान्यांच्या गराड्यातही, जुनी माणसे ओढ्याला नरवा आणि तळ्याला तरियाच म्हणतात. छत्तीसगडच्या भूपेश बघेल सरकारने तर योजनेलाच ‘नरवा, गरवा, घुरवा, बाडी’ नाव दिले. कोणाचे काही अडले नाही. १९०८च्या इम्पीरियल गॅझेटियरने शिवनाथ नदीचे ‘सिओनाथ’ केले खरे, पण साहेबाने निदान कान तरी दिला! नोंद करताना आधी शेतकऱ्याच्या तोंडचा उच्चार लिहा, गाव लिहा. अर्थाची घाई नको. एकाच ओढ्याला दोन गावांत दोन नावे असतील, तर दोन्ही लिहा.

– एक वाचक, सिलतरा (रायपूर)